गेइशांची ती कादंबरी: एकाच पुस्तकावरून वाचक इतके का भांडतात?

२०२४ च्या वसंत ऋतूत जपानमधल्या क्योतो शहरात गिओन नावाच्या वस्तीने आपल्या खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या. आत शिरलात तर १०,००० येन दंड, अशा पाट्या लागल्या. संध्याकाळी कामाला निघालेल्या तरुण मुलींची वाट अडवायची, किमोनोला हात लावायचा, तोंडासमोर फोन धरायचा, हे प्रकार वस्तीला नकोसे झाले होते. बातमी जगभर गेली आणि जुना प्रश्न पुन्हा वर आला: या बायका नेमकं काय काम करतात?

जपानबाहेरच्या बहुतेक वाचकांना या प्रश्नाचं जे काही उत्तर ठाऊक आहे, ते एका कादंबरीतून आलेलं आहे. आर्थर गोल्डन या अमेरिकन लेखकाची ‘मेमॉयर्स ऑफ अ गेइशा’ १९९७ साली निघाली. अमेरिकेतल्या खपाच्या यादीत ती दोन वर्षं टिकली, तीसहून अधिक भाषांत गेली आणि २००५ मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला. आजही ती वाचून कोणी हमसून रडतं आणि म्हणतं, जपान कळला. कोणी म्हणतं, सगळं खोटं, एका परक्या पुरुषाने रंगवलेलं. आणि कोणी चिडून विचारतं, लहान मुलींच्या विक्रीची गोष्ट इतक्या गोड भाषेत सांगायचीच कशाला?

तिघांनी पानं तीच वाचलेली असतात. माझं म्हणणं असं की हे तिघं तीन वेगळ्या बायकांबद्दल बोलत आहेत आणि तिघींना ‘गेइशा’ हे एकच नाव देत आहेत. साल कोणतं, गाव कोणतं आणि कर्ज कोणाच्या नावावर, हे विचारलं की या भांडणातला बराच भाग सुटतो. उरतो तो मात्र खरोखर भांडण्यासारखा आहे.

आधी गोष्ट

कादंबरी १९२९ साली सुरू होते. समुद्राकाठच्या एका काल्पनिक कोळीवाड्यात नऊ वर्षांची चियो राहते. आई मरणपंथाला लागलेली, बाप थकलेला. गावातला एक वजनदार माणूस चियो आणि तिची मोठी बहीण सात्सू यांच्या विक्रीची व्यवस्था करतो. क्योतोला पोचताच बहिणींची ताटातूट होते. सात्सू कुंटणखान्यात जाते आणि चियो गिओनमधल्या एका गेइशाघरात. तिथे हात्सुमोमो नावाची देखणी, जळकी गेइशा तिला छळते. पुढे मामेहा नावाची दुसरी नामांकित गेइशा तिला हाताशी धरते. बारा वर्षांची चियो ओढ्याकाठी रडत बसलेली असताना एका कंपनीचा अध्यक्ष थांबतो, तिची चौकशी करतो, बर्फाच्या गोळ्यासाठी नाणं आणि डोळे पुसायला रुमाल देतो. तिथून पुढे तिचं सगळं आयुष्य त्या एका माणसाच्या ओढीने चालतं. चियोची सायुरी होते, नाव कमावते, महायुद्ध येऊन जातं, आणि म्हातारपणी न्यूयॉर्कमध्ये ती आपली कहाणी सांगते.

कोणाला सांगते, हे इथे महत्त्वाचं. पुस्तकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका प्राध्यापकाचं टिपण आहे. सायुरीने आपल्याला ही हकिगत सांगितली आणि आपण ती इंग्रजीत आणली, असं तो लिहितो. हा प्राध्यापक गोल्डन यांच्या कल्पनेतला आहे. पुस्तकाच्या नावात ‘आठवणी’, सुरुवातीला ‘अनुवादक’, आणि सगळं निवेदन प्रथमपुरुषी. कितीतरी वाचकांना हे आत्मचरित्रच वाटलं, आणि यात त्यांचा दोष काढावा असं मला वाटत नाही. शिवाय शेवटच्या ऋणनिर्देशात गोल्डन स्वतःच्या नावाने लिहितात की सायुरी आणि तिची गोष्ट पूर्ण कल्पित आहे, मात्र १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या गेइशांच्या रोजच्या जगण्याचे तपशील कल्पित नाहीत. म्हणजे लेखकाने माणसं काल्पनिक ठेवली, पण तपशील खरे असल्याची हमी दिली. बरेचसे वाद या हमीपाशी सुरू होतात.

गेइशा काय काम करते?

संगीत, नाच आणि संभाषण यांनी बैठक रंगवणारी व्यावसायिक कलावंत म्हणजे गेइशा. क्योतोत पूर्ण तयार झालेलीला गेइको म्हणतात आणि शिकाऊ मुलीला माइको. त्या ज्या घरात राहतात, ज्या घराच्या नावावर त्यांची नोंद असते, ते ओकिया. बैठका ओकियात होत नाहीत, त्या चहाघरात होतात. चहाघराला स्वतःचं मोठं स्वयंपाकघर सहसा नसतं. जेवण बाहेरून मागवतात, कलावंत ओकियांतून बोलावतात आणि पाहुण्याला बिल नंतर घरी किंवा कचेरीत जातं. खोलीत पैशाला हात लागत नाही. म्हणूनच अनोळखी माणसाला दारातून परत पाठवायची रीत आहे: नंतर पैसे देईल याची हमी घेणारा जुना गिऱ्हाईक हवा. पूर्वी वेळ मोजायला उदबत्ती लावत. किती उदबत्त्या जळल्या त्यावर मानधन ठरे.

सुरुवातीचे गेइशा पुरुष होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. श्रीमंतांच्या बैठकीत गाणारे, नकला करणारे, पाहुण्यांना हसवणारे. अठराव्या शतकाच्या मध्याला बायका या कामात आल्या आणि काही दशकांत त्यांनीच ते व्यापलं. १७७९ साली एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, योशिवारा या सरकारमान्य वेश्यावस्तीत गेइशांची वेगळी नोंदणी कचेरी निघाली. गेइशांनी पाहुण्यांशी शरीरसंबंध ठेवू नयेत असा नियम झाला. हेतू वेश्यांचं गिऱ्हाईक वेश्यांकडेच राहावं, हा होता.

म्हणजे नियम होता, आणि तो पहिल्या दिवसापासून व्यापाराच्या सोयीसाठी होता. पुढे मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ च्या दरम्यान, काही ठिकाणी एकाच बाईकडे दोन्ही परवाने असत, गेइशाचा आणि वेश्येचाही. मोठ्या शहरातल्या नामांकित वस्तीत कला पहिली. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात, जिथे पुरुष दोन दिवस न्हायला आणि मजा करायला येत, तिथे कला नावापुरती. ‘गेइशा म्हणजे वेश्या’ आणि ‘गेइशांचा शरीरविक्रयाशी कधीच संबंध नव्हता’ ही दोन्ही वाक्यं म्हणूनच चूक ठरतात. कोणत्या गावची गेइशा, हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

कर्जाची वही

कादंबरीत वाचकांना हात्सुमोमोचा दुष्टपणा आठवतो, किमोनो आठवतात, सायुरीचे करडे-निळे डोळे आठवतात. मला ज्या गोष्टीपाशी वाचकांनी जास्त रेंगाळावं असं वाटतं ती आहे ओकियाची हिशोबवही. चियोला विकत घेतल्याची रक्कम तिच्याच नावावर कर्ज म्हणून चढते. मग जेवण, डॉक्टर, नाचाच्या शाळेची फी, किमोनो. हात्सुमोमो चियोला दुसऱ्या गेइशाच्या किमोनोवर शाई फासायला लावते, त्याची भरपाईसुद्धा चियोच्याच नावावर.

हे गणित मराठी वाचकाला परकं वाटायचं कारण नाही. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं, हंगामात ती फिटली नाही की बाकी पुढच्या हंगामावर चढते, आणि बाकी आहे तोवर मुकादम बदलता येत नाही. जपानमध्ये आईबापाला दिलेली आगाऊ रक्कम अशीच काम करी. फरक एवढाच की उचल घेणारं मोठं माणूस असे आणि फेडणारी असे सात-आठ वर्षांची पोर.

या वहीला कायद्याने हात घातला तोही टप्प्याटप्प्याने. १८७२ साली योकोहामा बंदरात ‘मारिया लूझ’ नावाचं पेरूचं जहाज थांबलं. त्यावरचे चिनी मजूर गुलामासारखे नेले जात होते. जपानी न्यायालयाने त्यांना सोडवलं. त्यावर जहाजाच्या बाजूने युक्तिवाद झाला की तुमच्याच देशात मुली करार करून विकल्या जातात, त्याचं काय? सरकारची चांगलीच अडचण झाली. त्याच वर्षी वेश्या आणि गेइशा यांना करारातून मोकळं करणारा हुकूम निघाला. त्याच्या सोबतच्या परिपत्रकातला तर्क ऐकून अंगावर काटा येतो: या बायकांचे मानवी हक्क हिरावले गेलेले आहेत, त्यामुळे त्या गाई-घोड्यांसारख्या झाल्या आहेत, आणि गाई-घोड्यांकडून कोणी कर्जफेड मागत नाही. लोकांनी या हुकमाला ‘गुरं सोडण्याचा हुकूम’ असंच नाव पाडलं.

सुटलेल्या बायकांना दुसरं काम नव्हतं, घरी परत घ्यायला कोणी नव्हतं. लवकरच ‘स्वखुशीने’ काम करतो असे कागद करून तीच व्यवस्था परत उभी राहिली. कर्ज वेगळं, काम वेगळं, अशी कायदेशीर पळवाट निघाली. ती पळवाट बुजायला १९५५ साल उजाडलं. त्या वर्षी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मुलीला अशा कामाला जुंपण्यासाठी दिलेलं आगाऊ कर्ज कराराबरोबर मुळासकट रद्द ठरतं, ते परत मागता येत नाही. त्यानंतर १९५६ मध्ये वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला आणि १९५८ पासून तो पूर्णपणे लागू झाला.

सायुरीची गोष्ट या निकालाच्या आधी वीस-पंचवीस वर्षांची आहे. हे साल मनात धरलं की पुढचा, सगळ्यात नाजूक वाद समजायला सोपा जातो.

मिझुआगे: वादाचं मूळ

मिझुआगे म्हणजे माइकोच्या वयात येण्याचा, पुढच्या पायरीवर जाण्याचा टप्पा. कादंबरीत तो सायुरीच्या कौमार्याचा सौदा आहे. दोन पुरुषांना चढाओढीला लावून मामेहा बोली वाढवत नेते आणि आलेल्या पैशातून सायुरीचं कर्ज फिटतं. बहुतेक वाचकांना पुस्तक मिटवावंसं वाटतं ते या प्रकरणात.

मराठी वाचकाच्या मनात इथे ‘चिरा उतरवणे’ हा शब्द येतो. तमाशात नाचणाऱ्या कोल्हाटी समाजातल्या मुलींच्या बाबतीत हा विधी होता आणि त्या घरांत वाढलेल्या माणसांनी मराठीत त्याबद्दल लिहिलेलं आहे. दोन्ही प्रथा एक आहेत असं मी म्हणत नाही, त्यांचे समाज वेगळे, इतिहास वेगळे. पण कला शिकलेल्या मुलीच्या पहिल्या रात्रीची किंमत घरातल्या बायाच ठरवतात आणि पैसा घराला जातो, ही गोष्ट आपल्याकडे ऐकलेली आहे. त्यामुळे ‘असं कुठे असतं का?’ असा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये.

प्रत्यक्षात काय होतं? लायझा डाल्बी या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात क्योतोच्या पोन्तोचो वस्तीत राहून गेइशांचा अभ्यास करत होत्या. त्यांचं पुस्तक १९८३ साली आलं, गोल्डन यांच्या कादंबरीच्या चौदा वर्षं आधी. युद्धापूर्वीच्या माइकोंच्या बाबतीत मिझुआगे हा लैंगिक दीक्षेचा प्रकार असल्याचं त्यात नोंदलेलं आहे. म्हणजे गोष्ट हवेतून आलेली नाही. मात्र कादंबरीतली ती जाहीर वाटावी अशी बोली, आकड्यांची शर्यत, मला लेखकाने नाट्यासाठी चढवलेली वाटते. पैशाचे असे व्यवहार चहाघराच्या मालकिणीमार्फत गुपचूप ठरत. कुजबुजीवर चालणाऱ्या जगात लिलावाचा हातोडा शोभत नाही.

१९५८ नंतर ही प्रथा संपली. मागे राहिल्या त्या खुणा. माइकोची केशरचना सुरुवातीला एक असते आणि काही वर्षांनी बदलते. पूर्वी हा बदल मिझुआगेनंतर होई. आज तो वय आणि अनुभव पाहून, साधारण अठराव्या वर्षाच्या आसपास होतो. अंबाडा तोच, त्यातली फीत त्याच जागी, अर्थ मात्र पार बदललेला. कादंबरी वाचून गिओनला गेलेला पर्यटक आजच्या मुलीच्या केसांत १९३५ सालचा अर्थ वाचू लागला, तर तो त्या मुलीवर अन्याय आहे.

मिनेको इवासाकी कोर्टात का गेल्या?

गोल्डन यांनी ऋणनिर्देशात एका निवृत्त गेइकोचे नावानिशी, मनापासून आभार मानले. मिनेको इवासाकी, गिओन कोबू वस्तीतलं १९६० आणि ७० च्या दशकांतलं सगळ्यात गाजलेलं नाव. १९९२ साली त्यांनी गोल्डन यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, शंका फेडल्या, ओळखी करून दिल्या. इवासाकी यांचं म्हणणं असं की आपलं नाव कुठेही येणार नाही असा शब्द दिला गेला होता. पुस्तक जगभर गेलं, लोकांनी सायुरी म्हणजे त्याच असं धरलं, आणि गिओनमधून धमक्या आल्या. २००१ साली त्यांनी लेखक आणि प्रकाशकावर करारभंग आणि बदनामीचा दावा लावला. २००३ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली.

दरम्यान २००२ मध्ये इवासाकी यांनी स्वतःचं आत्मचरित्र इंग्रजीत आणलं. त्यात मिझुआगेच्या सौद्याला ठाम नकार आहे. आपल्या वस्तीतल्या गेइकोंच्या बाबतीत तो कौमार्याचा सौदा नव्हताच, ती प्रथा वेश्यांची, परक्यांनी दोन्हींची गल्लत केली, असं त्या सांगतात.

त्यांचं पुस्तक वाचून ‘मग गोल्डन खोटारडा’ असा निष्कर्ष काढणारे वाचक खूप आहेत. मी त्यांना साल बघायला सांगेन. इवासाकी यांचा जन्म १९४९ चा, माइको म्हणून पदार्पण १९६५ चं. कायदा लागू होऊन सात वर्षं झालेली. आणि आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: इवासाकी आपल्या ओकियाच्या दत्तक वारसदार होत्या. पाचव्या वर्षी घरात आल्या त्या पुढची मालकीण म्हणून. वहीत त्यांच्या नावावर कर्ज नव्हतं, उलट वही एक दिवस त्यांच्याच हातात यायची होती. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे. ते सगळ्यात वरच्या मजल्यावरून दिसलेलं खरं आहे.

आणि त्या वरच्या मजल्यावरही सगळं आलबेल नव्हतं. मुलींचं शालेय शिक्षण तुटतं, व्यवस्था बदलायला कोणी तयार नाही, म्हणून चिडून इवासाकी यांनी २९ व्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना, काम सोडलं. त्यांचं पुस्तक कादंबरीविरुद्धची साक्ष म्हणून वाचणाऱ्यांच्या नजरेतून हा भाग निसटतो.

ज्या बाईबद्दल कमी बोललं जातं

सायो मासुदा. जन्म १९२५. सहाव्या वर्षापासून जमीनदाराच्या घरी पोरं सांभाळायला. थंडीत अनवाणी उभी राहून एक पाय दुसऱ्या मांडीला लावून ऊब घ्यायची, म्हणून घरातल्यांनी तिला ‘करकोचा’ म्हणायला सुरुवात केली. स्वतःचं खरं नाव कळायला तिला बरीच वर्षं लागली. बाराव्या वर्षी तिला नागानो प्रांतातल्या सुवा या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेइशाघराला विकलं.

मासुदा शाळेत गेल्या नव्हत्या. मोठेपणी जेमतेम अक्षरओळख करून घेऊन त्यांनी आपली हकिगत लिहिली. जपानीत ती १९५७ मध्ये पुस्तकरूपाने आली, इंग्रजीत २००३ मध्ये. त्यात चेरीची फुलं नाहीत. मिझुआगे आहे, आणि तो पैशाचा सरळ व्यवहार आहे. दान्ना, म्हणजे गेइशाचा खर्च उचलणारा श्रीमंत आश्रयदाता, इथे प्रियकर वगैरे नाही, विकत घेणारा मालक आहे.

काल्पनिक सायुरी आणि सायो मासुदा यांच्या वयात जेमतेम पाच वर्षांचं अंतर पडतं. क्योतो आणि सुवा यांच्यातलं अंतर मात्र फार मोठं आहे. इवासाकी आणि मासुदा एकमेकींना खोटं ठरवत नाहीत. एक १९६० च्या दशकातली क्योतोची वारसदार, दुसरी १९४० च्या आसपासची सुवाची कर्जदार. १९२० च्या दशकात जपानमध्ये सुमारे ८०,००० गेइशा होत्या असं सांगतात. एवढ्या बायकांचं एकच सत्य कसं असेल?

‘पण ही कादंबरीच आहे ना? मग खऱ्या-खोट्याची उठाठेव कशाला?’

हा आक्षेप मला मनापासून पटतो, अर्ध्या वाटेपर्यंत. कादंबरीकाराला घटना रचायचा पूर्ण हक्क आहे. चियोचा कोळीवाडा नकाशावर नाही म्हणून कोणी कुरकुर करू नये. पण गोल्डन यांनी कादंबरीला अनुवादकाचा मुखवटा चढवला आणि तपशिलांच्या खरेपणाची हमी दिली. ज्या समाजाची माणसं हयात आहेत, ज्यांच्या गल्लीतून लोक कॅमेरे घेऊन फिरतात, त्यांच्याबद्दल अशी हमी देताना भार वाढतो. एक कल्पित प्रसंग लाखो वाचकांच्या डोक्यात ‘प्रथा’ होऊन बसतो, आणि त्याची किंमत आज अठरा वर्षांची मुलगी कामावर जाताना मोजते.

‘अमेरिकन पुरुषाने लिहिलं, तिथेच बिघडलं!’

हा आक्षेप सोपा आहे आणि म्हणून मला अपुरा वाटतो. गेइशांवर जपानी पुरुषांनीही भरपूर लिहिलं आहे आणि त्यांतल्या कित्येकांनी त्या बायकांना गोल्डन यांच्याहून जास्त धुक्यात गुंडाळलं आहे. गोल्डन यांनी जपानी कला आणि इतिहास यांचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. कादंबरी त्यांनी नव्याने लिहून काढली ती प्रत्यक्ष गेइकोशी बोलल्यावर, आधीचा मसुदा बाजूला ठेवून. काही तपशील तर अव्वल आहेत. माइको मानेखाली उंच, कडक उशी घेऊन झोपते, केस विस्कटू नयेत म्हणून. सायुरीच्या उशीभोवती तांदळाचं पीठ पसरून ठेवतात. झोपेत मान घसरली की मेणचट केसांना पीठ चिकटतं आणि सकाळी चोरी पकडली जाते. एवढ्या एका प्रसंगात त्या जगाची सगळी शिस्त आणि सगळा जाच आहे.

परकेपणा दिसतो तो दुसरीकडे. नायिकेला करडे-निळे डोळे का हवेत? गर्दीत ती उठून दिसावी म्हणून काळे डोळे पुरेसे का पडू नयेत? आपल्या पेशाबद्दल ती इतकं सतत समजावून का सांगते, जणू समोरचा ऐकणारा कायम पाश्चात्त्य आहे? जपानी वाचकांना अशा जागा खटकल्या.

सिनेमाने हे आणखी वाढवलं. मुख्य भूमिकांत चिनी आणि मलेशियातल्या चिनी वंशाच्या अभिनेत्री होत्या. जपानमध्ये लोक म्हणाले, आमच्याकडे अभिनेत्री नव्हत्या का? चीनमध्ये उलटा संताप: महायुद्धात जपानी सैन्याने चिनी बायकांवर केलेले अत्याचार लोक विसरले नव्हते, आणि त्यांची आवडती नटी जपानी पुरुषांची करमणूक करताना पडद्यावर दिसणार होती. २००६ च्या सुरुवातीला चीनमधलं प्रदर्शन रद्द झालं. गिओनचा बराचसा भाग कॅलिफोर्नियात उभारलेला होता. सायुरी केस मोकळे सोडून, उंच खडावा घालून नाचते तो प्रसंग दिसायला जबरदस्त आहे, पण गिओन कोबूच्या इनोऊए घराण्याच्या आटोपशीर, जमिनीला धरून असलेल्या नाचाशी त्याचं काही नातं नाही. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा यांसाठी तीन ऑस्कर मिळाले, आणि जगाच्या डोक्यात तोच गिओन बसला.

प्रेमकथा की आणखी काही?

१९९७ च्या आणि आजच्या वाचकांत सगळ्यात मोठा फरक इथे पडला आहे. तेव्हा बहुतेकांनी सायुरी आणि अध्यक्ष यांची गोष्ट मोठ्या प्रेमाची म्हणून वाचली. आजची विशी-पंचविशीतली वाचक विचारते की बारा वर्षांच्या मुलीला पाहून मोठ्या वयाचा विवाहित पुरुष तिला मागून घडवत आणतो, याला प्रेम म्हणायचं का? मला हा प्रश्न योग्य वाटतो. त्याचं उत्तर पुस्तकातच आहे. ज्या मुलीला विकलं गेलं, जिच्या हातात वही कधीच नव्हती, तिच्याशी एकच माणूस एकदा माणसासारखं वागला. त्या एका नाण्यावर तिने अख्खं आयुष्य उभं केलं. लेखकाने शेवट सुखाचा मानला आहे. तो मला आजवर वाचलेल्या अत्यंत दुःखी शेवटांपैकी एक वाटतो.

आज तिथे काय चाललं आहे?

आज सगळ्या जपानात मिळून गेइशा हजाराच्या आसपास उरल्या असाव्यात. क्योतोच्या पाच वस्त्यांत माइको शंभराच्या आत. कोणालाही विकलं जात नाही. मुली शाळेची सक्तीची नऊ वर्षं संपवून, पंधराव्या वर्षी, बहुधा आपल्या हट्टाने येतात. घरचे कित्येकदा विरोधात असतात. नाच, वादन, चहाविधी शिकायला मिळतो. राहणं, जेवण, लाखमोलाचे किमोनो ओकियाचे. बदल्यात साधारण पाच-सहा वर्षं पगाराऐवजी हातखर्च मिळतो. ही वर्षं संपली की गेइको म्हणून स्वतंत्र व्हायचं किंवा सोडून जायचं.

इतपत वाचून वाटतं, प्रश्न मिटला. पण २०२२ साली एका माजी माइकोने समाजमाध्यमावर लिहिलं की सोळाव्या वर्षी आपल्याला भरपूर दारू पाजली गेली आणि पाहुण्यांबरोबर स्नानगृहात जायची वेळ आणली गेली. जपानमध्ये दारू पिण्याचं कायदेशीर वय वीस आहे. देशभर चर्चा झाली. काहींनी तिला खोटं ठरवलं, काहींनी आपलेही अनुभव असेच असल्याचं सांगितलं, आणि वस्तीतल्या दुसऱ्या काही जणींनी मनापासून सांगितलं की आमच्या घरात असं काही कधी झालं नाही.

इथेही त्या सगळ्या खरं बोलत असू शकतात. घरागणिक फरक पडतो. ज्या मुद्द्यावर जपानमधले वकील आणि कार्यकर्ते बोट ठेवत आहेत तो असा: माइकोला शिकाऊ म्हणायचं की कामगार? कामगार म्हटलं तर कामाचे तास, रात्रपाळी, किमान वेतन, सगळे कायदे लागू होतात. शिकाऊ म्हटलं तर घराच्या शिस्तीवर सगळं सोडावं लागतं. किमोनो आणि शिकवणीचा खर्च मुलीने मधेच सोडलं तर कोणी द्यायचा, हा प्रश्नही त्याला लागूनच येतो. कादंबरीतल्या ओकियाची मालकीण ज्या वहीची पानं उलटत बसते, तिच्यातला हा रकाना आजही भांडणाचा आहे, आणि त्यावर भांडणाऱ्यांत या वेळी खुद्द त्या मुली आहेत.